दहापैकी दहा

फोन माझ्या हातात देण्यापूर्वी कृष्णात आंबीने तो आपल्या बंडीला दोन वेळा पुसला.

“बगा सर. तुमीच बगा. मी खोटं बोलत आसन तर ही नदी साक्षीला हाय.”

“नदीची साक्ष नको,” मी म्हणालो. “फोनची पुरेल.”

“फोनचंच तर रडगानं हाय. वाजतच न्हाई त्यो.”

मी खांद्यावरच्या पिशवीतून वही काढली. कनिष्ठ महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवत असे आणि प्रयोगाची वही कशी लिहावी हे दर वर्षी ऐंशी मुलांना सांगत असे. त्याच शिस्तीने मी पहिल्या ओळीवर ‘उद्देश’ हा शब्द लिहिला आणि त्यापुढे लिहिले : ‘कॉल आल्यावर फोन वाजतो की नाही, हे तपासणे.’ हा खरा उद्देश नव्हता. खरा उद्देश बंडी घालून माझ्यासमोर उभा होता.

या हकिगतीतली नावे मी बदलली आहेत. आकडे बदललेले नाहीत.

माझे वडील, अण्णा, या तपासणीच्या आधीच्या आठवड्यातल्या गुरुवारी वारले. आमचा पानमळा नदीच्या पलीकडे होता. एकाहत्तराव्या वर्षीही ते रोज सकाळी नावेने पलीकडे जात, विड्याच्या पानांची खुडणी उरकून घेत आणि दुपारी नावेने परत येत. त्या दुपारी त्यांच्या छातीत दुखू लागले. पाने खुडणाऱ्या तानूबाईने त्यांना धरून काठापर्यंत आणले. तिथे बसून त्यांनी दोन वाजून बारा मिनिटांपासून तीन वाजून चार मिनिटांपर्यंत कृष्णातला सात वेळा फोन लावला. नाव आली नाही. तानूबाईने पदर हलवला, हाका मारल्या. पण बंधाऱ्यामुळे पात्र फुगलेले होते आणि वारा उलटा होता. अखेर कोणीतरी ट्रॅक्टर आणला. पूल चौदा किलोमीटरवर होता. अण्णा पुलापर्यंत पोचले नाहीत.

त्या वेळी मी महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षा घेत होतो आणि माझा फोन टेबलाच्या खणात बंद होता. अण्णांनी मला फोन केला नव्हता. केला असता तरी लागला नसता, ही गोष्ट मी त्या दिवसांत कोणाला सांगितली नाही.

नावाड्याचा फोन ही गावाची वस्तू होती. पूर्वी पलीकडे माणूस आला की हाळी देई, आणि ती ऐकू यावी म्हणून कृष्णात दिवसभर पाण्याच्या कडेला उन्हात बसे. दोन वर्षांपूर्वी गावाने वर्गणी काढून त्याला साधा बटणांचा फोन घेऊन दिला आणि तो सावलीत गेला. रीत अशी ठरली की पलीकडच्या माणसाने एक रिंग द्यायची आणि कट करायचे. कृष्णातने फोन उचलायचा नाही. सरळ नाव सोडायची. सुरुवातीला एकदोनदा त्याने उचलला, तेव्हा तानूबाईने त्याला सगळ्यांदेखत झापले होते : “उचलतोस कशाला रं मुडद्या? गप नाव आण.” अण्णांच्या लेखी तर तो फोन नव्हताच. ती घंटेची दोरी होती.

“दोघांचं भांडण झालं होतं,” मी म्हणालो. “अण्णा जायच्या आधीच्या शनिवारी. अण्णा तुला चारचौघांत बोलले होते.”

“नावंत पानी आलं हुतं. त्यांची पानाची करंडी भिजली. बोलले. त्यात काय? मालक मानूस बोलनारच.”

“दुसरा नावाडी बघतो म्हणाले होते.”

“दर वर्साला म्हनायचे.” तो किंचित हसला. मला ते हसू सहन झाले नाही.

लहानपणापासून मी त्याला कृष्णातमामा म्हणत आलो होतो. त्याने मला पोहायला शिकवले होते. त्या सकाळी मी ‘मामा’ गाळले आणि अहोजाहोही गाळले. त्याच्या ते लक्षात आले होते.

मी फोनचे सेटिंग एकेक करून पाहिले आणि वहीत उतरवले. आवाज पाच, म्हणजे सर्वांत वरचा. सायलेंट मोड बंद. कंपन बंद. रिंगचा प्रकार चढता. कॉल कुठे वळवलेला नाही. बॅटरी चारपैकी तीन काड्या. आलेल्या कॉलच्या यादीत अण्णांचे सात मिस्ड कॉल, वेळेसकट, जसेच्या तसे. म्हणजे कॉल पोचले होते.

“हा तू दिवसभर ठेवतोस कुठे?”

त्याने चिंचेकडे बोट दाखवले. त्या फोनला रेंज फक्त चिंचेपाशी मिळे. खाली आलेल्या एका फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती; फोन तिच्यात असे. तिथून वीस पावलांवर कृष्णातचे पत्र्याचे घर. दुपारी तो घराच्या भिंतीच्या सावलीत बसून जाळे विणी. दारात त्याची मुलगी वैजंता डोक्याला फडके बांधून बसली होती. बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मांडीवर तीन आठवड्यांचे बाळ होते.

“रोज बांधतोस तसाच बांध,” मी सांगितले. “आणि रोज बसतोस तिथे बस.”

मी त्याच्या शेजारी भिंतीच्या सावलीत उभा राहिलो. माझा फोन कानाला लावला, दुसऱ्या हातात घड्याळ धरले, आणि त्याचा नंबर लावला. माझ्या कानात रिंग सुरू झाली. काही सेकंदांनी चिंचेतून कर्कश आवाज येऊ लागला. मी पूर्ण तीस सेकंद वाजू दिले.

“ऐकू आला?”

“आला की.”

मी लिहिले : वाचन पहिले. वाजला. विलंब आठ सेकंद.

दुसरे वाचन, तिसरे, चौथे. प्रत्येक वेळी तेच. माझ्या कानातली रिंग आधी, चिंचेतली नंतर. अंतर सात ते नऊ सेकंद. त्याचे कारण मी समासात लिहून टाकले : ‘नेटवर्क.’

“मग वाजत नाही म्हणतोस ते?”

“आता वाजतोय. तवा वाजला न्हाई.”

“फोनला माणूस ओळखता येतो का? मी लावला की वाजतो आणि अण्णांनी लावला की वाजत नाही?”

त्याने डोके खाजवले. “मी बाजारात दुकानात बी न्हेला हुता, बुदवारी. त्यानंबी लावून बगितला. वाजला. हसला माज्यावर. पन सर, त्या सोमवारपासनं लोकं शिव्या घालत्यात मला. फोन दिला, फोन दिला म्हनत्यात. हितं वाजत न्हाई.”

‘तक्रारी सोमवारपासून,’ मी लिहिले, आणि त्याखाली रेघ ओढली. भांडण त्याच्या दोनच दिवस आधी, शनिवारचे. तारखा एकमेकींना चिकटल्या होत्या.

सहाव्या वाचनाला बाळ रडू लागले. वैजंताने त्याला छातीशी धरले, पण ती आत गेली नाही. ती माझ्या वहीकडे पाहत होती.

“सर,” कृष्णात म्हणाला, “एक बोलू का? तुमी लई येळ वाजवताय. लोकं एवडं वाजवत न्हाईत.”

“वाजला की नाही, एवढंच सांग.”

“वाजला.”

आठव्या वाचनानंतर वैजंता उठून उभी राहिली. “आबा,” ती म्हणाली, “मी काय म्हनते—”

“थांब जरा,” मी तिला म्हणालो. “वाचन चालू आहे.”

“तू आत जा,” कृष्णात म्हणाला. “वारं लागंल बाळाला.”

ती गेली. मी उरलेली दोन वाचने पूर्ण केली. तळाशी निष्कर्ष लिहिला : ‘दहापैकी दहा वेळा फोन वाजला व वीस पावलांवरून स्पष्ट ऐकू आला. फोनमध्ये दोष नाही.’ तारीख घातली आणि सही केली.

“काय आलं सर?” त्याने विचारले. मुलांनी निकालाच्या दिवशी विचारावे तसे.

“शनिवारी पंचायतीत ये. तिथे सांगतो.”

शनिवारी ग्रामपंचायतीच्या खोलीत पंचवीस-तीस माणसे होती. सरपंच बाळगोंडा चौगुले अण्णांच्या मैत्रीतले. त्यांनी मला खुर्ची दिली. मी उभाच राहिलो. कृष्णात दारापाशी खाली बसला होता.

मी वही उघडून सगळे वाचले : सेटिंग, अंतर, दहा वाचने, प्रत्येकाचा विलंब.

“सर,” सरपंच मध्येच म्हणाले, “ते विलंब-बिलंब ऱ्हाऊ द्या. आमाला कळंल असं सांगा.”

“फोन ठीक आहे,” मी म्हणालो. “माणूस ठीक नाही.”

हे वाक्य मी आदल्या दिवशी तयार करून ठेवले होते. ते जसे बसायला हवे होते तसे बसले. खोलीत कुजबुज झाली.

“मलाबी सोमवारी तासभर तिष्ठत ठेवलं यानं,” मागून एकजण म्हणाला. “तीनदा फोन दिला.”

“माज्या सुनंला मंगळवारी. भर उनात. पोटुशी बाई.”

“शनिवारी अण्णांनी याची कानउघाडणी केली,” मी म्हणालो, “आणि सोमवारपासून नाव यायची बंद झाली. हा योगायोग आहे असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करावा.”

कोणी हात वर केला नाही. तानूबाई कोपऱ्यात डोळ्यांना पदर लावून बसली होती. सरपंच कृष्णातकडे वळले.

“काय रं कृष्णात? तुझं काय म्हननं?”

तो पुन्हा ‘वाजलाच नाही’ म्हणणार, हे मी गृहीत धरले होते, आणि त्यावरचे तीन प्रश्न मी क्रमाने मांडून ठेवले होते. तो उठून उभा राहिला. तपासणीच्या दिवसापेक्षा तो लहान दिसत होता.

“झोपलो हुतो,” तो म्हणाला.

“गुरुवारी?”

“व्हय.”

“आनि सोमवारी, मंगळवारी?”

“तवाबी.”

“ढोसून?” कोणीतरी विचारले.

त्याने त्या माणसाकडे पाहिले. “काय बी म्हना,” तो म्हणाला. “फोन वाजला आसनार. मी झोपलो हुतो.”

माझे तीन प्रश्न वाया गेले. मला आठवते, त्याचा मला राग आला. त्याने इतक्या लवकर पडायला नको होते.

नाव त्याच्याकडून काढून घ्यायची, असे ठरायला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्याच्या बापाने आणि आज्याने त्याच काठावर नाव लावली होती. ते कोणी बोलले नाही. सरपंच टेबलावरचे कागद आवरू लागले.

“वल्हं,” मी म्हणालो.

“काय सर?”

“वल्हं त्याला इथे आणून ठेवायला सांगा. आता. आणि फोनही.”

सरपंचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “नाव काढली म्हंजे झालं की. वल्हं कशाला?”

“आणू दे.”

नदीपासून पंचायतीपर्यंतचा रस्ता गावाच्या मधून जातो. कृष्णात आंबी भर दुपारी खांद्यावर वल्हे घेऊन त्या रस्त्याने आला. दारादारांत माणसे उभी होती. त्याने वल्हे पंचायतीच्या व्हरांड्यात भिंतीला लावून आडवे ठेवले, फोन माझ्या हातात दिला, आणि या वेळी तो बंडीला पुसला नाही.

मला समाधान झाले. याहून सौम्य शब्द वापरणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरी जाऊन मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

फोन मी पुरावा म्हणून ठेवून घेतला. पंचायतीला तो नकोच होता. नव्या नावाड्याचा स्वतःचा होता. वहीत गुंडाळून मी तो कपाटात टाकला. महिन्याभरात कृष्णात घर बंद करून मुलीच्या सासरी गेला. तीन वर्षांनी गावापाशीच नदीवर पूल झाला आणि नाव पंचायतीमागे पालथी पडली.

त्यानंतर, घटनेला अकरा वर्षे झाल्यावर, एका रविवारी माझी पत्नी पद्मजा भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आली आणि त्या तिने माझ्या पायांपाशी आपटल्या. आम्ही तालुक्याच्या गावी राहत होतो. इमारतीला लिफ्ट नव्हती. बाजारातून आली की ती खालून एक मिस्ड कॉल देई आणि मी खाली जाई, असा आमचा शिरस्ता होता.

“फोन वाजत नाही का तुमचा?”

“वाजतो की.”

“दोनदा दिला मी खालून. परवाही दिला होता.”

“मी इथेच बसलोय. वाजलाच नाही.”

हे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले तेव्हा मला त्यांचे काहीच वाटले नाही. नवा फोन घेऊन चार दिवस झाले होते. मी पद्मजाच्या हातातून तिचा फोन घेतला आणि माझा नंबर लावला. टेबलावरचा माझा फोन थोड्या वेळाने वाजू लागला.

“हा काय, वाजतोय.”

“इतका वेळ धरून ठेवल्यावर कुणाचाही वाजेल,” ती म्हणाली. “मी एक रिंग देते. एक.”

मी तिला पुन्हा फोन लावायला सांगितला, आणि एक रिंग झाली की कट करायला. माझ्या फोनचा पडदा उजळला आणि विझला. आवाज आला नाही. सेटिंग उघडले. रिंगचा आवाज हळूहळू चढत जाण्याची सोय चालू होती.

कपाटाच्या तळाला वही सापडली. तिच्यात गुंडाळलेला फोनही. त्याची बॅटरी मेली होती. बाजारात जाऊन तसलीच दुसरी आणली. माझेच सिम घातले, जुनी प्लास्टिकची पिशवी शोधून फोन तिच्यात ठेवला, गॅलरीच्या टोकाला टांगला आणि वीस पावले मोजून जिन्याजवळ उभा राहिलो. पद्मजा एकेक रिंग देत होती. अण्णा देत तशी. साधारण तीन सेकंदांची.

दहापैकी शून्य.

मग मी वही वाचली. सगळे तिच्यात होते, माझ्या सुवाच्य अक्षरात. ‘रिंगचा प्रकार चढता.’ ‘तक्रारी सोमवारपासून.’ ‘विलंब सात ते नऊ सेकंद.’ तो विलंब नेटवर्कचा नव्हता. पहिल्या क्षणापासून फोन वाजत होता. फक्त वीस पावलांवर ऐकू येण्याइतका मोठा व्हायला त्याला आठ सेकंद लागत होते, आणि आमच्या गावात कोणी कोणाला आठ सेकंद देत नव्हते. मी फोनची तपासणी केली होती. अण्णांच्या कॉलची केली नव्हती. ते मला त्याच वेळी, त्याच भिंतीपाशी, साध्या शब्दांत सांगण्यात आले होते, आणि मी उत्तर दिले होते : वाजला की नाही, एवढंच सांग.

नदीपासून बत्तीस किलोमीटरवर, उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर, कृष्णातमामा राखणदारीला होते. मी गेलो तेव्हा ते शिट्टी फुंकून एक ट्रॅक्टर मागे घ्यायला सांगत होते. केस पांढरे झाले होते. अंगावर खाकी सदरा होता. त्यांनी मला लगेच ओळखले.

“या सर. बसा.” त्यांनी खुर्चीवरची धूळ हाताने झटकली. “आज हिकडं कुटं वाट चुकला?”

“मामा,” मी म्हणालो, “मी चुकलो होतो.”

“मामा?” ते म्हणाले. “अकरा वर्सांनी मामा झालो व्हय मी?”

मी वही आणि फोन पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. सगळे क्रमाने सांगितले : चढता आवाज, एक रिंग, आठ सेकंद. माझा आवाज वर्गात असतो तसा होता. दुसरा मला येत नाही. ते मान न हलवता ऐकत होते. मधे एक गाडी आली तेव्हा उठून गेले, वजनाची चिठ्ठी देऊन परत आले आणि “हं, म्होरं,” म्हणाले.

“त्या सेटिंगला कोणी हात लावला ते मला माहीत नाही,” मी शेवटी म्हणालो. “पण फोन वाजला नव्हता. तुम्ही खरं बोलत होतात.”

“म्हाईत हाय मला.”

“काय?”

“आजच कळलं म्हनून आलाया तुमी. मला त्याच दिशी कळलं. तुमी वही घेऊन गेला, आनि पोरगी रडाया लागली.” त्यांनी फोन उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. “भांडनाच्या दुसऱ्या दिशी, रविवारी, दवाखान्यातनं आली बाळ घिऊन. फोन वाजला की बाळ थरथरायचं. नववी शिकल्याली पोरगी. तिनं बटनं दाबून ते केलं, हळू हळू मोठ्ठा व्हनारं. मला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. आनि तुमी आला, तवा ती तुमाला सांगायला उठली हुती.”

थांब जरा. वाचन चालू आहे.

“मग शनिवारी तुम्ही पंचायतीत बोलला का नाहीत?”

“काय बोलनार? माज्या पोरीनं बटन दाबलं, म्हनून अण्णा गेलं? आनि कुनाम्होरं? तुमच्या?” त्यांचा आवाज चढला नाही. “सर, तुमी त्या दिशी फोन बगायला आलाच न्हवता. तुमी कुनाचं तरी नाव लिवायला आला हुता. वही उगडी हुती, पेन हातात हुतं. वली बाळंतीन हुती ती. तिचं नाव लिवू दिलं आसतं व्हय मी? झोपलो हुतो म्हनालो. मिटलं. झोप काय, कुनालाबी लागती.”

काट्यावर एक रिकामा ट्रॅक्टर खडखडत चढला आणि उतरला.

“मी गावात जातो,” मी म्हणालो. “ग्रामसभेत उभा राहतो. ज्यांच्यासमोर वाचलं त्यांच्यासमोरच दुरुस्ती वाचतो. तुमची चूक नव्हती हे—”

“आनि मग कुनाची म्हनून सांगनार?”

“माझी. तपासणी चुकली, असं.”

“लोकं इचारतील, सेटिंग कुनी बदललं? कृष्णातला तर बटन दाबाया येत न्हाई. घरात दुसरं कोन हुतं? धा मिंटात नाव निगंल तिचं.” ते पुढे झुकले. “ऐका. पोरगी दोन वर्सं नीट जेवली न्हाई. बाळाला घ्यायची न्हाई, ह्याच्यापायी झालं म्हनायची. रोज तिच्या म्होरं बसून मी सांगितलं : बाय, तुजं काय न्हाई, फोन वाजला हुता, मला ऐकू आला हुता, पन म्या उटलो न्हाई. शेवटी पटलं तिला. दोन वर्सं लागली मला. तुमी एका दुपारी उलटं करनार.”

“पण तुमच्यावरचा ठपका—”

“त्यो माजा हाय. तुमाला कशाला पायजे?” पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत काहीतरी कठीण दिसले. “मला म्हाईत हाय तुमी कशाला आलाया. सांगून मोकळं व्हायचंय. न्हाई व्हायचं मोकळं. वल्हं खांद्यावर घिऊन गावातनं चालवलं मला तुमी. मी चाललो. आता हे तुमी घ्या. चारचौघांत ठेवायचं न्हाई, कुनाला दाखवायचं न्हाई. मी अकरा वर्सं वागवलं. म्होरं तुमी वागवा.”

त्यांनी फोन वहीवर ठेवला आणि दोन्ही माझ्याकडे सरकवले. मी ते पिशवीत टाकत होतो तेवढ्यात आवाराच्या कुंपणाकडून एक बाई हातात किटली आणि कपबश्या घेऊन आली. अंगाने भरलेली, कपाळावर ठळक कुंकू. वैजंताला मी ओळखले नसते. तिने मला ओळखले आणि ती जागच्या जागी थांबली.

“मगदूम सर आल्यात,” मामा म्हणाले. “हिकडनं चालले हुते. वत की च्या.”

तिने चहा ओतला. एक कप मला दिला, एक बापाला. मग पदर सारखा करून ती माझ्यासमोर उभी राहिली.

“सर,” ती म्हणाली, “लई दिवसांचं मनात हुतं, तुमी भेटला तर बोलावं म्हनून. तुमच्या अण्णांचं तसं झालं. आमच्या आबांच्या हातनं चूक झाली. जानूनबुजून न्हाई केली त्यांनी. तुमी मनात ठिवू नका.”

मामांनी चहा बशीत ओतला होता. बशी ओठांपाशी नेऊन त्यांनी ती तिथेच धरली आणि वरून माझ्याकडे पाहिले. पंचायतीत मी त्यांच्याकडे असाच पाहत होतो.

“नाही ठेवलं,” मी म्हणालो. एवढ्याने भागणार नव्हते. ते अजून थांबले होते.

“झोप काय,” मी म्हणालो, “कुणालाही लागते.”

मामांनी बशी रिकामी केली, ती कपावर पालथी घातली, आणि शिट्टी फुंकत पुढची गाडी काट्यावर घ्यायला उठून गेले.